दोनदा थांबणारी माती

शक्य असेल तर मूठभर माती घेऊन बसा. कुंडीतली चालेल, अंगणातली चालेल, रस्त्याच्या कडेची चालेल. फार ओली नको आणि अगदी कोरडीही नको. शेतकरी जिला वापसा आलेली म्हणतो, तशी असली तर उत्तम. माती मिळाली नाही तर रिकामा तळवा मांडीवर उताणा ठेवा. हलकंसं वजन तिथे आहे असं मनाला सांगा. मन ऐकतं.

आता श्वासाकडे पाहा. तो आत येतो आणि बाहेर वळण्याआधी क्षणभर थांबतो. बाहेर जातो आणि आत येण्याआधी पुन्हा थांबतो. हे थांबे लांबवू नका, मोजू नका. ते आहेत, एवढंच लक्षात असू द्या. आज ज्या मातीपाशी बसायचं आहे, तीही वर्षातून दोनदा थांबते.

ही माती युक्रेनची. आपल्या परंपरेत आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केल्यापासून युक्रेनचं श्रवण आपलं पुष्कळ झालं. मराठी घरांतली मुलं तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेली होती. ती गोठवणाऱ्या थंडीत सीमेकडे चालत निघाली, तेव्हा इथल्या आईबापांनी खारकीव आणि ल्विव ही नावं चार दिवसांत पाठ केली. मुलं परत आली. त्यानंतर नावं कानावर पडत राहिली, रोज, इतकी की त्यांचा आवाज बोथट झाला. ऐकलेल्या गोष्टीपाशी स्वस्थ बसणं मात्र राहून गेलं. माझं तरी राहून गेलं होतं. म्हणून मी हे मनन करू लागलो, आणि आज तुम्हाला सोबत बोलावतो आहे.

डोळे मिटा. त्या देशाचा नकाशा आठवा आणि त्यावरची शहरांची नावं एकेक करून पुसा. बाण पुसा, तारखा पुसा. सीमा मात्र राहू द्या. तिच्यासाठी माणसं मरत आहेत. आता जे उरलं त्याच्याकडे पाहा. सहा लाख तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि तिच्यात उंचवटे किती थोडे! पश्चिमेच्या कडेला कार्पेथियन पर्वताची एक दुमड, तिच्यात होव्हेर्ला हे 2061 मीटरांचं सर्वांत उंच शिखर. खाली दक्षिणेला क्रिमियाच्या किनाऱ्याशी डोंगरांची आणखी एक छोटी ओळ. बाकी सगळं सपाट, फार तर मंद लाटांसारखं वरखाली होणारं. उत्तरेला पोलिस्या, म्हणजे दलदल, वाळू, पाइन आणि भूर्जवृक्षांची राई. मधे गवत आणि ओकची वनं एकमेकांत मिसळलेली. दक्षिणेला समुद्रापर्यंत उघडा गवताळ स्टेप.

या सपाटीवर उभे राहा आणि वारा अंगावर घ्या. आपल्याला डोंगराची सवय आहे. ढग सह्याद्रीला अडतात, घाटमाथ्यावर रिते होतात, पलीकडे पर्जन्यछाया पडते. पाऊस म्हटलं की आपल्या मनात एक भिंत उभी असते. इथे ती भिंत नाही. अटलांटिकवरून निघालेली ओल पश्चिमेकडून येते आणि वाटेत थोडी थोडी विरत जाते. कार्पेथियनमध्ये वर्षाला 1500 मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर पोचेपर्यंत त्यातलं 400 मिलिमीटरही पुष्कळदा उरत नाही. पूर्वेला तर आशियापर्यंत सगळं मोकळंच. हिवाळ्यात त्या बाजूने गारठा येतो, उन्हाळ्यात कोरडी झळ येते, आणि दोघांनाही वाटेत कोणी विचारत नाही. समुद्रापासून दूर, उघड्या मैदानावर, हिवाळा खरा हिवाळा असतो आणि उन्हाळा खरा उन्हाळा. या मातीचं सगळं रहस्य त्या दोन टोकांत आहे. तिकडे सावकाश जाऊ.

आधी धूळ.

हिमयुगांचा काळ मनात आणा. स्कँडिनेव्हियाकडून खाली सरकणारा बर्फाचा जाड थर. एका हिमयुगात तर त्याची एक जीभ द्निप्रो नदीच्या खोऱ्यातून दूर दक्षिणेपर्यंत उतरली होती. (शाळेच्या नकाशात आपण या नदीला नीपर म्हणत होतो.) बर्फ हा जात्याचा दगड आहे. सरकता सरकता तो खालचा खडक भरडतो, दळतो, पिठासारखा बारीक करतो. बर्फ वितळला की ते पीठ प्रवाहांच्या काठी पसरतं, वाळतं, आणि वारा ते उचलून नेतो. हजारो वर्षं ही फिकट पिवळी, चुनखडीने भरलेली धूळ या मैदानावर बसत राहिली. भूगोलात तिला लोएस म्हणतात. काही ठिकाणी तिचा थर वीस मीटरांहून जाड आहे.

जरा थांबा इथे. सकाळच्या उन्हाच्या तिरिपेत घरात तरंगणारे धुळीचे कण तुम्ही पाहिले आहेत. तसा एक कण खाली येताना पाहा. तो बसला. आता दुसरा. एका देशाची जमीन अशी कणाकणाने आकाशातून उतरली आहे, हे मनाला पटायला वेळ लागतो. तो वेळ द्या.

मग शेवटचा बर्फ मागे गेला. त्याला अकरा-बारा हजार वर्षं झाली. पिवळ्या धुळीवर गवत आलं. त्या गवतांतलं एक तिकडचे लोक फार प्रेमाने सांगतात: कोव्हिला. त्याच्या तुऱ्याला रुपेरी, पिसासारखे केस असतात; वारा आला की सगळं रान पाण्यासारखं हलतं. पण तुमचं लक्ष वर जाऊ देऊ नका. हातातल्या मातीकडे परत या आणि गवताच्या खाली उतरा. स्टेपच्या गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. केसासारखी बारीक मुळं, त्यांचं दाट विणलेलं जाळं. दर वर्षी त्यातली कित्येक मुळं मरतात आणि नवी फुटतात. मेलेली मुळं जागच्या जागीच राहतात, कारण त्यांना जायला दुसरी जागा नाही.

वसंतात बर्फ वितळतो, पाणी मुबलक असतं, गवत घाईघाईने वाढतं. कुजणंही सुरू होतं. गांडुळं, बुरशी, जिवाणू सगळे कामाला लागतात. हे काम असंच चालू राहिलं असतं तर मेलेलं सगळं कुजून हवेत विरून गेलं असतं आणि माती फिकटच राहिली असती. पण जुलै-ऑगस्टमध्ये ओल संपते. जमीन कोरडी पडते. जिवाणू थबकतात. काम अर्धवट राहतं.

हा पहिला थांबा.

शरदात थोडा पाऊस होतो, काम पुन्हा हळूच सुरू होतं, आणि तेवढ्यात थंडी येते. जानेवारीला युक्रेनी भाषेत सिचेन म्हणतात. हा शब्द कापण्याशी, तोडण्याशी नातं सांगतो. फेब्रुवारी म्हणजे ल्युती, उग्र, क्रुद्ध. माती दगडासारखी गोठते. तिच्यातलं पाणी गोठतं, जीव निपचित होतात. पुन्हा काम अर्धवट.

हा दुसरा थांबा.

दर वर्षी थोडं उरतं. लोएसमधला चुना त्या उरलेल्या सेंद्रिय अंशाला धरून ठेवतो, गांडुळं ते खाली नेतात, वर आणतात. जमिनीखाली राहणारा एक उंदीरही या कामात आहे. त्याचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात आणि तो दातांनी बिळं कोरतो. वरची काळी माती त्याच्या बिळात घसरते, खालची पिवळी वर येते. कुठे खोल खड्डा खणला तर उभ्या कापात पिवळ्या थरात काळे गोल आणि काळ्या थरात पिवळे गोल दिसतात. ती त्याची जुनी, भरून गेलेली बिळं. मृदाशास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिलं आहे: क्रोतोविना. अशी दहा हजार वर्षं गेली, आणि वरचा मीटरभर थर काळाभोर झाला. चोर्न म्हणजे काळा, झेम्ल्या म्हणजे भूमी. चोर्नोझेम.

तळव्यावरच्या मातीवर अंगठा हलका फिरवा. चोर्नोझेम अशी अंगठ्याखाली घेतली तर ती भगरीसारखी रवाळ लागते. दाण्यादाण्यांची, आणि दाण्यादाण्यांमधे हवा.

परभणीकडचा किंवा यवतमाळचा वाचक इथे मनात म्हणेल, काळी तर आमचीही आहे. आहेच. आपण तिला काळी आई म्हणतो. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांनी तिला उष्ण कटिबंधातली चोर्नोझेम असंही म्हटलं होतं. रंग तोच, पण जन्म निराळा. आपली काळी बेसॉल्ट झिजून झाली. ती चिकणमातीची, पावसात फुगणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटणारी. आपल्या उष्णतेत मेलेलं गवत टिकत नाही. सेंद्रिय अंश बहुतेक शेतांत शंभरात एक भागही भरत नाही. चोर्नोझेममध्ये तो चार-सहा भाग असतो, नांगर लागण्यापूर्वी त्याहून जास्त असे. आपल्या मातीला तिचा रंग खडकाकडून मिळाला. त्यांच्या मातीला तो गवताच्या मरणातून आणि त्या मरणाच्या अर्धवट राहण्यातून मिळाला. दोन आया एकमेकींसारख्या दिसतात, एवढ्यावरून त्या बहिणी ठरत नाहीत. तरी दिसतात, आणि मला त्या दिसण्याचंही मोल वाटतं.

हे सगळं माणसाला कळलं ते फार उशिरा. काळी माती म्हणजे जुन्या समुद्राचा किंवा दलदलीचा गाळ असावा, असे तर्क एकोणिसाव्या शतकातही चालत. रशियन शास्त्रज्ञ वसिली दोकुचायेव यांनी मैलोन् मैल हिंडून, खड्डे खणून, 1883 च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की माती हा खडकाचा नुसता भुगा नाही. हवामान, गवत, जीवजंतू, जमिनीचा उतार आणि काळ मिळून ती घडवतात. 1888 पासून त्यांनी पोल्ताव्हा प्रांताच्या मातीची पाहणी केली. त्या कामात एक तरुण शिष्य होता, व्लादिमिर वर्नाद्स्की. पुढे ‘जीवावरण’ या कल्पनेला त्यांनी शास्त्रात भक्कम जागा दिली, आणि 1918 साली कीवमध्ये स्थापन झालेल्या विज्ञान अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले. पोल्ताव्हाच्या खड्ड्यात उतरून काळ्या भिंतीकडे पाहणारा तो मुलगा मला वारंवार आठवतो. जीव आणि दगड यांच्यातली रेघ त्याला तिथेच पुसट दिसली असेल का?

श्वासाकडे एकदा जाऊन या. दोन थांबे अजून तिथेच आहेत.

आता या मातीबरोबर काही महिने चालू. तिकडच्या महिन्यांची नावं चालायला सोपी आहेत, कारण ती आकाशातून किंवा राजांकडून आलेली नाहीत. झाडापानांतून, शेतातून आली आहेत. मार्च म्हणजे बेरेझेन, भूर्जाचा महिना. बर्फ वितळू लागतो, पण जमीन खालून अजून गोठलेली असते. पाण्याला मुरायला वाट नाही. मग काळ्या मातीचा असा चिखल होतो की चाक रुततं, बूट रुततो. या ऋतूला त्यांच्याकडे एक शब्द आहे, बेझदोरिझ्झ्या. त्याचा अर्थ रस्ता नसणं. कल्पना करा: रस्ता आहे, तुमच्या ओळखीचा आहे, आणि तरी काही आठवडे तो नाही. सैन्यं या चिखलात अडकली आहेत, जुन्या युद्धांत आणि या युद्धातही. त्याच सुमाराला आफ्रिकेहून पांढरे करकोचे परततात आणि खेड्यांतल्या खांबांवरच्या आपल्या जुन्या घरट्यांत उतरतात.

एप्रिल-मे भराभर जातात. क्वितेन म्हणजे फुलांचा, त्रावेन म्हणजे गवताचा. पण ज्या गवताने ही माती घडवली ते आता कुठे आहे? देशाची निम्म्याहून जास्त जमीन नांगराखाली गेली आहे. जगात एवढं प्रमाण फार थोड्या देशांत असेल. कधीच न नांगरलेल्या स्टेपचा एक मोठा तुकडा खेरसोनच्या बाजूला अस्कानिया-नोव्हा इथे उरला. फ्रीडरिश फाल्ट्स-फाइन नावाच्या जमीनदाराने 1898 साली तो राखून ठेवला. तिथे मे महिन्यात रानट्यूलिप उमलतात आणि कोव्हिला रुपेरी होते. 2022 पासून ती जागा रशियाच्या ताब्यात आहे, आणि तिथे आगीही लागल्या.

गवत निघालं की माती उघडी पडते, आणि उघड्या मातीला वारा ओळखतो. तो शेवटी तिचा बापच. 1928 च्या वसंतात स्टेपवरून काळी वादळं उठली आणि ही धूळ रोमानिया-पोलंडपर्यंत गेली. पुढे, विशेषतः 1948 नंतर, शेतांच्या कडेने झाडांच्या लांबच लांब रांगा लावल्या गेल्या: वारा अडवायला, बर्फ धरून ठेवायला. लोक त्यांना साध्या शब्दात पोसाद्का म्हणतात, लागवड. सपाट देशात आडोसा तेवढाच. म्हणून आज सैनिक त्या रांगांमध्ये खंदक खणून राहतात, आणि बातम्यांत एकेका रांगेसाठी आठवडे जातात. बातमी वाचताना ती झाडं कशासाठी लावली होती हे आठवा. एवढंही पुष्कळ आहे.

जूनपाशी मात्र थांबायला हवं. जून म्हणजे चेर्वेन; लाल रंग देणारे किडे या महिन्यात गोळा करत, त्यावरून हे नाव. कीवमध्ये या दिवसांत उजेड साडेसोळा तास असतो. नदीकडे चला.

द्निप्रो सुमारे 2200 किलोमीटर लांब. रशियात उगम, बेलारूसमधून वाट, आणि मग सबंध युक्रेन उभा चिरत काळ्या समुद्रापर्यंत. तिच्या वाटेत मधोमध फार जुना कठीण खडक आडवा येतो. ग्रॅनाइट आणि नाइस, अब्जावधी वर्षांपूर्वीचे. मऊ धुळीच्या देशातली ही एकमेव कठोर गोष्ट म्हणावी अशी. नदी तो खडक ओलांडताना उसळे, आपटे, फेसाळे. असे नऊ मोठे खळाळ होते, त्यांना पोरोही म्हणत. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा याने आपल्या ग्रंथात त्यांतल्या सातांची नावानिशी नोंद केली आहे. व्यापारी तिथे नावा पाण्यातून काढून काठाने नेत. सगळ्यांत भयंकर खळाळाचं नाव नेनासितेत्स, कधीच न भागणारा. स्टेपवरचे लढवय्ये कोसॅक त्याला दीद म्हणत, आजोबा. झापोरिझ्झ्या या नावाचा अर्थच ‘खळाळांच्या पलीकडे’.

1927 साली तिथे धरण बांधायला सुरुवात झाली, 1932 साली ते पुरं झालं, आणि आजोबा पाण्याखाली गेले. आवाज थांबला. पुढे खाली काखोव्का इथे दुसरं धरण झालं. 1950 च्या दशकात त्याचं पाणी चढत गेलं आणि वेलिकी लुह बुडालं. वेलिकी लुह म्हणजे मोठं कुरण: पूरमैदानातली बेटं, गवताळ रानं, वाळुंजांच्या झाडी, कोसॅकांच्या आठवणी, माणसांनी सोडलेली गावं. 2155 चौरस किलोमीटरांचं पाणी त्यावर पसरलं. त्याच पाण्याने दक्षिणेचा कोरडा स्टेप भिजवला, हेही खरं.

6 जून 2023 च्या पहाटे ते धरण फुटलं. ते तेव्हा रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. खालच्या गावांत पाणी शिरलं, माणसं बुडाली, जनावरं बुडाली, घरांची छपरं तेवढी दिसत राहिली. वरच्या बाजूला अठरा अब्ज घनमीटरांचा जलाशय काही दिवसांत रिता होत गेला आणि भेगाळलेला गाळ उघडा पडला. त्यावर मेलेले मासे होते.

इथे डोळे उघडावेसे वाटतील. हवे तर उघडा. मग पुन्हा मिटा, कारण गोष्ट पुढे आहे. जूनचा पहिला पंधरवडा हा त्या भागात वाळुंज आणि पॉप्लर यांचं कापसासारखं बी वाऱ्यावर उडण्याचा काळ असतो. हे बी फार दिवस जगत नाही. त्याला लगेच ओला, उघडा गाळ हवा असतो. त्या वर्षी नदीकाठच्या झाडांनी नेहमीसारखं बी सोडलं, आणि खाली शेकडो चौरस किलोमीटर ओला गाळ पसरलेला होता. शरदापर्यंत रोपं माणसाच्या उंचीची झाली. पुढच्या वर्षी त्यांचं रान झालं, आत शिरायला वाट नसलेलं. गाळात कारखान्यांची विषारी द्रव्यंही साठलेली आहेत. पुढे काय करायचं यावर तिकडचे शास्त्रज्ञ आणि अभियंते वाद घालत आहेत, आणि दोन्ही बाजूंना कारणं आहेत. या झाडीकडे पाहून मला धरणफुटीचं दुःख कमी वाटत नाही. तिथे बुडालेल्या म्हाताऱ्या माणसांना वाळुंज काय परत देणार? पण झाडी आहे. मननात जे आहे ते येऊ द्यावं लागतं.

जुलै, लिपेन. लिंडनच्या झाडांना मोहर आणि मधमाश्यांची झुंबड. शेतांत सूर्यफुलं पूर्वेकडे तोंड करून उभी. आपल्या स्वयंपाकघरातल्या सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा वाटा युद्धापूर्वी याच शेतांतून येत असे. 2022 च्या मार्चमध्ये पिशवीचा भाव का चढला, ते आठवत असेल. फोडणीत तडतडणारं तेल या मातीतून उठलेलं होतं. मोहरी टाकताना आपण ते कधी मनात आणलं नाही.

ऑगस्ट म्हणजे सेर्पेन. सेर्प म्हणजे विळा. गहू कापला जातो. रात्री आकाश स्वच्छ असतं, आणि आपण जिला आकाशगंगा म्हणतो तिला तिकडे चुमाकांची वाट म्हणतात. चुमाक हे बैलगाड्यांचे तांडे घेऊन क्रिमियाकडे मीठ आणायला जाणारे व्यापारी. आपल्याला वर नदी दिसली, त्यांना रस्ता दिसला, आणि त्यावर सांडलेलं मीठ.

या विळ्याच्या महिन्याला एक तारीख आहे. 7 ऑगस्ट 1932. त्या दिवशी सोव्हिएत सरकारने फर्मान काढलं की सामूहिक शेतातलं धान्य उचलणं हा राज्याच्या मालमत्तेवरचा दरोडा. शिक्षा गोळी, किंवा निदान दहा वर्षं कैद. लोक त्याला कणसांचा कायदा म्हणू लागले, कारण कापणीनंतर शेतात गळून पडलेली कणसं वेचणारी भुकेली माणसंही त्यात सापडली. मग घरोघर झडत्या झाल्या. बियाण्याचं धान्यही नेलं. गावांच्या वाटा बंद केल्या. 1932 आणि 1933 या दोन वर्षांत युक्रेनमध्ये भुकेने मेलेल्यांचा आकडा बहुतेक अभ्यासक पस्तीस लाखांच्या वर सांगतात. आपल्या मनाला दुष्काळ म्हटलं की आधी आकाश दिसतं: हुकलेला पाऊस, करपलेलं पीक. इथे आकाशाला दोष देता येत नाही. पीक थोडं कमी आलं होतं, तरी माणसं जगली असती. धान्य नेलं गेलं. जगातल्या सर्वांत सुपीक मातींपैकी एका मातीवर बसून माणसं गवत खात मेली, आणि 1932 मध्येच वर नदीवर धरणाचा उद्घाटन-सोहळा झाला.

तळव्यावरच्या मातीचं वजन आता जाणवतंय का? जाणवू द्या. इथे श्वासाकडेही पाहू नका. फक्त बसा. जितका वेळ लागेल तितका.

सप्टेंबर, वेरेसेन. हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप पोलिस्याच्या वाळूत फुलतं. तिकडे लोक पाइनच्या राईत अळिंबी वेचायला जातात. चोर्नोबिल त्याच पोलिस्यात आहे. 26 एप्रिल 1986 च्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर तिथल्या हलक्या, वाळूच्या, पीटच्या मातीने किरणोत्सारी सिझियम घट्ट धरून ठेवलं नाही; ते अळिंबीत, दुधात येत राहिलं. चिकण अंश असलेली जड माती ते आपल्यापाशी जखडून ठेवते. कोणती माती काय धरते आणि काय सोडते, यावर मुलांचं आयुष्य ठरलं.

आणि दक्षिणेला पेरणी सुरू होते. हिवाळी गव्हाची. जिथे सुरुंग पेरलेले नाहीत तिथे, किंवा जिथले काढून झाले आहेत तिथे. ट्रॅक्टरच्या मागे काळी सरी उघडते आणि तिच्यात फिकट दाणे पडतात. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. झोव्तेन, पिवळा महिना, म्हणजे ऑक्टोबर. पानं पिवळी होतात आणि त्याच वेळी गव्हाचं शेत हिरवंगार. फुटवे धरतात. मग लिस्तोपाद, पानगळ. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी लोक खिडकीत मेणबत्ती लावतात, 1933 च्या मेलेल्यांसाठी. दिवस आखूड होत जातो, आठ तासांवर येतो. खिडकीतली ती ज्योत पाहा. तिच्यापलीकडे अंगण, अंगणापलीकडे शेत, शेतात अंधार.

डिसेंबर. ह्रुदेन. ह्रुदा म्हणजे ढेकूळ. चिखलाचे गोळे गाडीच्या वाटेवर गोठून दगड होतात, म्हणून ढेकळांचा महिना. ढेकूळ या शब्दापाशी मी नेहमी थबकतो. आपल्याकडे ढेकळं फुटतात ती मृगाच्या पहिल्या पावसात. त्यांच्याकडे ती थंडीत जमतात आणि बेरेझेनपर्यंत कोणी ती फोडत नाही.

गव्हाचं रोप आता वाढत नाही. त्याला काही होत आहे असं वरून दिसत नाही. पण हिवाळी गव्हाला थंडी लागते. शून्याच्या जरा वर, चार-सहा अंशांच्या गारठ्यात महिना-दीड महिना तरी गेल्याशिवाय त्याच्या आत पुढे कणीस धरण्याची तयारी होत नाही. थंडी न देता उबेत वाढवलं तर पाती वाढतात, कणीस येत नाही. वरून बर्फाची गोधडी हवी. ती असली की वरची कडाक्याची हवा रोपाच्या गाभ्यापर्यंत जात नाही. अलीकडे हिवाळे उबदार होत चालले आहेत. बर्फ येतो आणि टिकत नाही, पुन्हा येतो, पुन्हा जातो. शेतकरी आभाळाकडे पाहतात, आपल्याकडे जूनमध्ये पाहतात तसे, पण पावसासाठी नव्हे, गोधडीसाठी.

आज रात्री ती येते आहे असं धरा. वारा पडला आहे. पहिले कण उतरत आहेत, धुळीसारखेच, सावकाश. शेताची हिरवी रेघ बुजत चालली आहे. पोसाद्काच्या फांद्या पांढऱ्या होत आहेत. जमिनीखाली आंधळा उंदीर आपल्या बिळात खोल सरकला आहे. जिवाणू थबकले आहेत. मेलेली मुळं अर्धवट कुजून जागच्या जागी आहेत.

श्वास बाहेर गेला आहे आणि अजून आत आलेला नाही. तिथेच थोडं थांबा.

माती कुंडीत परत टाका. हाताच्या रेघांत थोडी राहील, ती लगेच धुऊ नका. तिकडे बर्फ पडतो आहे. गहू हिरवाच झोपला आहे, आणि त्याला अजून बरीच थंडी हवी आहे.